थंड राहिलेला कोळसा

१

हडपसरच्या मागच्या अंगाला, उसाची शेतं जाऊन जिथे पत्र्याच्या शेड उभ्या राहिल्या, तिथल्या एका जळलेल्या गोदामात हेमा सरपोतदार उकिडवी बसून राख उकरत होती आणि शिंकत होती. आगीची कारणं शोधणं हा तिचा धंदा. विमा कंपन्या तिला बोलवायच्या, ती सांगेल ते ऐकून घ्यायच्या आणि पुन्हा लवकर बोलवायची वेळ येऊ नये अशी प्रार्थना करायच्या. बाईचं काम चोख होतं, पण गोड बोलणं तिच्या पत्रिकेतच नव्हतं.

शिंका काही राखेमुळे नव्हत्या. शेजारच्या शेडमध्ये मसाल्याचं कांडप होतं. वैशाख म्हणजे वर्षाचा मसाला करून ठेवायचे दिवस. मिरची, धने, लसूण, सुकं खोबरं यांचा असा काही ठसका हवेत भरला होता की विचारू नका.

"ऑफिसात या मॅडम, तिथे जरा बरं आहे," गोदामाचे मालक आनंद कुलथे म्हणाले आणि स्वतःच दोनदा शिंकले. "म्हणजे, होतं. मागचा अख्खा सीझन इथे बसून निवांत चहा प्यायलोय आम्ही. हा ताप आत्ता महिना-दीड महिन्यात परत सुरू झाला."

ऑफिस म्हणजे गोदामाला लागून असलेली एक खोली, आगीतून वाचलेली. टेबल, खुर्च्या, देवाचा फोटो. कांडपाकडच्या भिंतीशी फरशीवर एक मोठा गोल काळा डाग. हेमाने सगळं एकदा नजरेखालून घातलं आणि खुर्ची पुसून बसली.

आनंदचा माल म्हणजे कार्बन. पाण्याच्या फिल्टरमध्ये असते ना, ती काळी भुकटी. नारळाच्या करवंट्या भट्टीत भाजायच्या, दळायच्या, पोत्यांत भरायच्या. परदेशी जाणारी मोठी ऑर्डर होती म्हणून पोती छतापर्यंत गच्च रचली होती, आणि आठवडा उलटायच्या आत गोदाम पेटलं.

"कारण अगदी स्पष्ट आहे," आनंदने प्लास्टिकच्या पिशवीतलं बिडीचं थोटूक पुढे केलं. "दाराशी सापडलं. आमचा वॉचमन, नागोराव. बारा वर्षं ठेवला, घरच्यासारखा वागवला, आणि त्याने हे पांग फेडले. चौकीत तक्रार दिलीय मी."

"तुम्ही त्याला बिडी ओढताना पाहिलंय?"

"वॉचमन लोक ओढतातच हो."

"असं का? मग मालक लोक काय काय करतातच, त्याची पण एक यादी करूया की."

आनंद कसनुसं हसले. हेमा उठून परत गोदामात गेली. मघाशी जे पाहिलं ते तिला पुन्हा एकदा पाहायचं होतं. थप्पीच्या बाहेरची पोती नुसती करपली होती. कोपऱ्यातली काही तर धडधाकट होती, आतली प्लास्टिकची पिशवीसुद्धा शाबूत. आणि थप्पीच्या पोटात, अगदी मधोमध, जिथे माणसाचा हातही पोचणार नाही, तिथे सगळ्याची पांढरी राख झाली होती. दारात टाकलेल्या बिडीने आग लागली असती तर ती दाराकडून आत गेली असती. ही आतून बाहेर आली होती.

"म्हणजे माल आपोआप तापला," ती मागोमाग आलेल्या आनंदना म्हणाली. ताजा कार्बन हवेतला प्राणवायू ओढून घेतो आणि ओढताना गरम होतो. थोडासा असेल तर ती ऊब उडून जाते. मोठ्या थप्पीत ती अडकते आणि वाढत जाते.

"तेही माल रचायच्या आधीच तपासून घेतलंय," आनंदने मोबाईलवर प्रयोगशाळेचा अहवाल उघडून दाखवला. "बिबवेवाडीची लॅब आहे. वाचा ना, माल आपोआप तापणारा नाही."

हेमाने वाचलं. खरंच तसं लिहिलं होतं.

२

नागोरावची खोली गोदामाच्या मागे होती. नोकरीबरोबर मिळालेली, त्यामुळे आता नोकरीबरोबरच जायची होती. दारात बोचकी बांधून ठेवली होती. परभणीकडून आलेलं हे जोडपं. नागोराव साठीचा, हडकुळा. त्याची बायको विमलाबाई शेजारच्या कांडपावर मिरच्या निवडायला जायची.

"सोमवारी चौकीत बोलवलंय मला," नागोराव म्हणाला. "गावाकडं कळलं तर काय म्हणतील ताई? म्हातारपणी आग लावून आला म्हणतील. बिडी मी जन्मात शिवलो नाही."

"मग दाराशी होती ती कुणाची?"

नागोराव उठून बोचक्याची गाठ आवळायला लागला. विमलाबाईने चहाचं आधण ठेवलं. फळीवरून चहापत्तीचा नवा पुडा काढला आणि ती कात्री शोधायला लागली, तसा नागोराव एकदम वळला.

"कामून नवा फोडतीस? तो फोडलेला हाय की. आधी तो सरू दे."

"पाहुण्यांसाठी फोडत होते," विमलाबाई हेमाकडे बघून म्हणाली. "यांचं जन्मभर असंच. एक सरल्याबिगर दुसरं उघडायचं नाही. साबण असो, नाही तर तेल असो."

"बरोबर आहे त्यांचं," हेमा म्हणाली. तिच्या आईचाही हाच कायदा होता. चहा मात्र पांचट झाला. ती तो बशीत ओतून निमूटपणे प्यायली.

एवढ्यात दारात खाकरल्याचा आवाज आला. पांढरीशुभ्र टोपी, बोटात दोन जाडजूड अंगठ्या. या सगळ्या शेड ज्यांच्या जमिनीवर उभ्या होत्या ते दत्तोबा. कधीकाळी इथे त्यांचा ऊस होता.

"काय वो बाई, तुमीच का त्या आगीच्या चौकशीवाल्या?" दत्तोबा उंबऱ्यावरच टेकले आणि त्यांनी खिशातून बिडी काढली. "ते थोटूक माजं हाय. मी रोज सांच्याला गोदामाच्या दारात बसतो. ह्यो नागोराव तोंडातनं शबुद काढायचा न्हाई, जागामालकाचं नाव कसं घ्यायचं म्हून. म्हनलं आपनच सांगावं."

"आणि पोलिसांना का नाही सांगितलंत?"

"मला कुनी इचारलंच न्हाई!"

नागोरावने डोळे मिटून घेतले. हेमाला त्याचा राग आला आणि दयाही आली. नोकरी चालली, खोली चालली, अब्रू चालली, तरी हा माणूस जागामालकाची लाज राखत बसला होता.

"हे तुमचं बोलणं चौकीत जाऊन सांगा," ती दत्तोबांना म्हणाली. "पण त्याने काम भागणार नाही. उद्या म्हणतील, बिडी कुणाचीही असो, राखणदार काय झोपला होता? जोवर तो लॅबचा अहवाल उभा आहे तोवर आग बाहेरूनच लागली असं सगळे धरून चालणार. आणि मी सांगते, ही आग आतून लागलीय."

"उकिरड्यावानी?" दत्तोबांनी बिडी पेटवता पेटवता विचारलं. "उकिरडा बी आतनं धगधगतो. वरनं गार, हात घातला की चटका."

"अगदी तस्सं. पण लॅब म्हणते हा उकिरडा थंड आहे."

"मंग लॅब खोटं बोलती," दत्तोबा म्हणाले आणि निवांत धूर सोडत बसले.

३

बिबवेवाडीत एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर लॅब होती आणि तळमजल्यावर बायडाबाईंची खानावळ. जिना चढताना फोडणीचा वास आला तशी हेमाला भूक लागली. पण आधी काम.

चाचणी केली होती ऋतुजा ननावरे हिने. तिशीची, चष्मा कपाळावर, बोलण्यात निम्मं इंग्रजी. हेमा कोण हे कळल्यावर तिचा चेहराच पडला.

"मॅडम, मी दहा वेळा चेक केलंय. माझी टेस्ट बरोबर आहे."

"मग अकराव्यांदा मला दाखवा."

ऋतुजाने कपाटातून स्टीलच्या बारीक जाळीची चौकोनी डबी काढली. दहा सेंटिमीटर लांब, तेवढीच रुंद, तेवढीच उंच. हिच्यात भुकटी काठोकाठ भरायची, मधोमध तापमापकाची तार खोचायची आणि डबी एकशे चाळीस अंशांच्या भट्टीत दिवसभर, रात्रभर ठेवायची. भुकटी गुणी असेल तर भट्टीइतकीच गरम होऊन गप्प बसते. गुणी नसेल तर आतून तापत जाते. दोनशेच्या वर गेली की नापास.

"आणि ही?" हेमाने शेजारची इवलीशी डबी उचलली. फाशाएवढीच म्हणा ना.

"ती छोटी. मोठीत नापास झालेला माल किती वाईट आहे ते बघायला."

"चुकून आधीच छोटीत भरला नव्हतात ना? थोडासा माल थंडच राहणार."

"मॅडम!" ऋतुजाचे डोळे भरून आले. "मला एवढं तरी कळतं हो. कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग आहे, हवं तर बघा."

हेमाने पाहिलं. डबी मोठीच होती, काठोकाठ भरलेली, तारही बरोबर मधोमध. भट्टी व्यवस्थित चालू होती. पोरीची काडीचीही चूक नव्हती, आणि हेमाला उगाच टोचल्यासारखं झालं.

"सॉरी," ती म्हणाली. हा शब्द तिच्या तोंडून वर्षातून एखाद्या वेळी निघायचा. "माल कुणी आणला होता?"

"आनंदसरांनी, स्वतः. बादलीभर. म्हणाले, कालच भट्टीतून निघालेल्या लॉटमधून माझ्या हाताने काढलाय. मी मुद्दाम विचारलं होतं, कारण ताजाच लागतो."

"त्या दिवशी आणखी काही? काहीही. भट्टीचा आवाज, लाईट गेली, कुणी आलं-गेलं?"

ऋतुजाने बराच विचार केला. "नाही. भूक तेवढी फार लागली होती. खालून भगर आणि दाण्याची आमटी मागवली होती, त्याने माझं काय होतंय? आणि वर सगळीकडे मसाल्याचा खमंग वास. कांदा-लसणाचा मसाला भाजतात ना, तसा. मला तर काम सुचेना."

हेमाने मान हलवली. बोलण्यातून काहीच हाती लागलं नव्हतं. चाचणी खरी, माल ताजा, अहवाल खरा. मग गोदामातली राख काय खोटी?

ती जिना उतरली आणि सरळ खानावळीत शिरली. उपाशीपोटी तिला कधी काही सुचायचं नाही.

४

बायडाबाई मूळच्या कात्रजच्या पलीकडच्या. गळ्यात तुळशीची माळ, कपाळावर बुक्का आणि आवाज असा की पलीकडच्या गल्लीतलं गिऱ्हाईकही दचकावं. हेमापुढे त्यांनी भाकरी, पिठलं आणि लसणाची चटणी ठेवली.

"आजची चटणी झकास आहे," हेमा म्हणाली. "वर लॅबमधल्या ऋतुजाला मात्र तुम्ही भगर खायला घालता म्हणे."

"त्या पोरीला? कदी?" बायडाबाईंनी जरा आठवलं. "हां, एकादशीला! मंग एकादशीला काय मिळनार? माझ्या हितं त्या दिवशी भगर न्हाईतर खिचडी. ज्याला पायजे त्यानं खावं, न्हाईतर दुसरीकडं जावं."

हेमाचा घास हातातच राहिला.

"बायडाबाई, एकादशीला मसाला भाजता का हो तुम्ही? कांदा-लसणाचा?"

"काय बोलताय काय!" बायडाबाईंनी पळी आपटली. "एकादशीला माझ्या चुलीपाशी कांदा-लसूण? आवं, आदल्या राती भांडी घासून ठिवते मी. शिवतसुदिक न्हाई!"

चटणी तशीच टाकून हेमा उठली. "पैसे नंतर देते," म्हणाली आणि दोन-दोन पायऱ्या गाळत वर गेली. पन्नाशीच्या बाईला ते शोभत नव्हतं, पण आता शोभेचं कुणाला पडलंय?

"ऋतुजा, त्या बादलीतला उरलेला माल ठेवलाय ना?"

"हो, ठेवावाच लागतो."

बरणी आली. हेमाने झाकण काढून हुंगलं. काही नाही. साधा काळा कोळसा.

"गरम करा थोडा."

ऋतुजाने पळीभर भुकटी बशीत घेऊन भट्टीत ठेवली. दोघी भट्टीपाशी नुसत्या उभ्या राहिल्या. थोड्या वेळाने ऋतुजाने दार उघडलं आणि तिचा चष्मा कपाळावरून नाकावर आला.

खोलीभर कांदा-लसूण मसाल्याचा खमंग वास पसरला होता.

"अगं बाई! म्हणजे त्या दिवशी वास खालून येतच नव्हता," ती हळूच म्हणाली. "कार्बनमधून येत होता."

"कार्बन वास ओढून घेतो, म्हणून तर लोक तो फिल्टरमध्ये घालतात. तापवला की धरलेला वास सोडतो. कालच भट्टीतून निघालेल्या मालात मसाल्याचा वास कुठून येईल?" हेमाने बरणीचं झाकण घट्ट लावलं. "हा माल कितीतरी दिवस मसाल्याशेजारी उघडा पडला होता. तेवढ्या दिवसांत त्याने हवाही पोटभर ओढली. जेवून सुस्त झालेल्या माणसाला तुम्ही पंगतीला बसवलंत, तो काय खाणार?"

ऋतुजा खुर्चीत बसली. "मला वास आला होता आणि मी विचारलं नाही."

"आता नाकावर विश्वास ठेवायला शिकाल. उद्या सकाळी मोठी डबी तयार ठेवा. गोदामातलं कोपऱ्यातलं धड पोतं मागवते. आणि सगळ्यांना बोलावते."

फरशीवरचा तो गोल काळा डाग तिच्या डोळ्यांपुढून हलेना.

५

दुसऱ्या दिवशी सकाळी शिवलेलं पोतं सगळ्यांसमोर फोडून ऋतुजाने डबी भरली. दुपारी परत सगळे जमले तेव्हा लॅबमध्ये बसायला जागा नव्हती. आनंद खिडकीशी, दत्तोबा एकुलत्या एका खुर्चीवर, नागोराव आणि विमलाबाई दाराशी उभे. बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

भट्टीवरचा आकडा एकशे चाळीसवर स्थिर होता. डबीच्या पोटातला आकडा मात्र एकशे साठ, एकशे पंच्याहत्तर असा चढत चालला होता.

"मसाल्याचा वास येतोय का कुणाला?" हेमाने विचारलं.

कुणालाच येत नव्हता.

आकडा दोनशेच्या वर गेला तशी ऋतुजाने भट्टी बंद केली. दत्तोबांनी मान डोलावली.

"आनंदराव, हा तुमचा खरा माल," हेमा म्हणाली. "तुमच्या ऑफिसात भिंतीशी एक उघडं पोतं असायचं. बरोबर?"

"हो, ठसका ओढून घ्यायला ठेवलं होतं. मागच्या उन्हाळ्यापासून."

"ते संपलं आणि तुमच्या शिंका परत सुरू झाल्या. कुठे गेलं ते?"

"मला काय माहीत? फेकलं असेल कुणीतरी."

"बादलीत गेलं. ह्या लॅबमध्ये आलं. तुम्ही ऋतुजाला सांगितलंत, ताज्या लॉटमधून माझ्या हाताने काढलाय. कुठल्या पोत्यातून काढलात?"

आनंदने रुमालाने कपाळ पुसलं. आणि मग दाराशी उभा असलेला माणूस बोलला.

"मी भरलो ती बादली, ताई." नागोराव एक पाऊल पुढे आला. "साहेब म्हणाले, नवीन पोतं फोड आणि बादलीभर काढून गाडीत ठेव. मी म्हणलं, शिवलेलं पोतं कामून फोडायचं? ऑफिसात फोडलेलं हाय, त्यात बादलीभरच राहिलंय. आधी ते सरू दे."

विमलाबाईने पदर तोंडाला लावला.

"म्हणजे ती आग माझ्यामुळंच लागली का हो?"

हेमाला बिडीचं कोडं सुटलं होतं, वासाचं सुटलं होतं, पण या प्रश्नाची तिने तयारी केली नव्हती. नागोराव तिच्याकडे असा बघत होता की काहीतरी गोड सांगून मोकळं व्हावंसं वाटलं. ते तिला जमणारं नव्हतं.

"नागोराव, मी खोटं सांगणार नाही. माल तापणारा आहे हे कळलं असतं तर पोती मोकळी रचली असती, हवा खेळली असती. ते कळलं नाही, त्याला तुमचा हात लागला. पण हात लागणं वेगळं आणि गुन्हा वेगळा. नवीनच पोतं का हवं, हे तुम्हाला कुणी सांगितलं होतं?"

"नाही."

"कुणाला ठाऊक होतं?"

ऋतुजा खाली बघून म्हणाली, "मी आनंदसरांना सांगितलं होतं. ताजाच हवा, आणि स्वतः काढा म्हणून."

"मला त्या दिवशी वेळ नव्हता," आनंद पुटपुटले.

"नसेल. वेळ नव्हता तर तसं सांगायचं होतं. 'माझ्या हाताने काढला' म्हणालात, आणि तेच खोटं या अहवालाच्या मुळाशी आहे. गोदाम जळल्यावर तरी मनात आलं असेल ना, की बादली नागोरावने भरली होती, त्याला एकदा विचारावं? विचारलं असतंत तर याने आत्ता सांगितलं तसं तेव्हाच सांगितलं असतं. पण तुम्ही विचारायला नाही गेलात. थोटूक घेऊन चौकीत गेलात."

"मला वाटलं..." आनंद अडखळले. "विचारलं तर काय निघेल, याचीच भीती वाटली."

ते नागोरावसमोर येऊन उभे राहिले. "तक्रार मागे घेतो आजच. खोलीचं पण... बोचकी सोडा, नागोराव."

"बोचकी तो सोडंल न्हाईतर न्हाई सोडनार, त्याची मर्जी," दत्तोबा उठत म्हणाले. "जागा माजी हाय. खोली आजपास्नं मी दिली त्याला. तुमच्या नोकरीबिगर."

विमा कंपनीने आनंदचं काय करायचं ते कंपनी बघून घेईल. हेमाने आपल्या अहवालात जे होतं ते सगळं लिहिलं. बादली कुणी भरली आणि कुणी भरायला हवी होती, तेही.

६

सोमवारी नागोरावला चौकीत जावं लागलं नाही. हेमाचं हडपसरला थोडं काम राहिलं होतं. ते उरकून ती मागच्या खोलीवर गेली. बोचकी सुटली होती. विमलाबाई हसतमुख होती. नागोराव मात्र बाजेवर गप्प बसून होता.

"तीन दिवस असंच," विमलाबाई हळूच म्हणाली. "जेवत नाहीत धड. कशाला हात लावताना भेतात."

आधण उकळलं तसा नागोराव उठला. फळीवर चहापत्तीचे दोन पुडे होते, एक तळाला गेलेला, एक कोरा. त्याने कोरा उचलला, दातांनी टोक फाडलं आणि पुडा हातात धरून तसाच उभा राहिला. जन्मभराची सवय मोडताना माणूस किती एकटा दिसतो, ते हेमाने पाहिलं. तिने उठून त्याच्या हातातून तो पुडा काढून घेतला, तोंडाला रबर लावलं आणि परत फळीवर ठेवला.

"अहो नागोराव, चहापत्ती काही आपोआप तापत नाही," ती म्हणाली. "आधी जुना सरू द्या की."

इतक्या दिवसांत पहिल्यांदा नागोरावच्या चेहऱ्यावर हसू आलं. त्याने जुना पुडा आधणात उपडा करून बोटाने झटकला.

चहा पांचटच झाला होता. हेमाने आणखी अर्धा कप मागून घेतला.